अतिथी प्रवेश (सामायिक फोल्डर)

अतिथी प्रवेश म्हणजे फाईल सर्व्हरवर स्वतःचे खाते नसलेल्या व्यक्तीस पासवर्ड न देता सामायिक फोल्डर उघडता यावे, यासाठी केलेली व्यवस्था होय. घरगुती सर्व्हरवर तिचा उपयोग प्रामुख्याने छायाचित्रे, चित्रपट, संगीत किंवा छापावयाचे दस्तऐवज घरातील सर्व उपकरणांना आणि पाहुण्यांना सहज उपलब्ध व्हावेत म्हणून केला जातो. असा सर्व्हर म्हणजे लिनक्स बसवलेला जुना संगणक, रास्पबेरी पाय किंवा ‘नॅस’ या नावाने विकले जाणारे साठवण यंत्र असू शकते. यांपैकी बहुतेकांवर फाईल-वाटपाचे काम सांबा ही मुक्त स्रोत आज्ञावली करते.

अतिथी प्रवेशात पासवर्ड नसल्यामुळे वापर सुलभ होतो. मात्र त्याच कारणाने फाईल कोणी पाहिली, बदलली वा पुसली हे सांगता येत नाही आणि सर्व्हर व संगणक यांच्यातील देवाणघेवाणीवर स्वाक्षरी किंवा कूटबद्धीकरण यांचे संरक्षण राहत नाही. त्यामुळे २०१७ नंतरच्या विंडोज आवृत्त्यांनी ही सोय क्रमाक्रमाने मर्यादित केली आहे.

## संकल्पना

‘अतिथी’ या शब्दामुळे सर्व्हर एखाद्या ओळखहीन व्यक्तीस आत घेतो असा समज होण्याची शक्यता असते. वस्तुतः लिनक्ससारख्या प्रणालीत फाईल वाचणाऱ्या वा लिहिणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला कोणत्या ना कोणत्या वापरकर्त्याचा क्रमांक असावाच लागतो. म्हणून सर्व्हर अनोळखी व्यक्तीला एक ठरावीक, अत्यल्प अधिकार असलेली ओळख उसनी देतो. सांबामध्ये हे खाते मूलतः ‘नोबडी’ या नावाचे असते. डेबियन व उबुंटू या वितरणांत त्याचा क्रमांक ६५५३४ आहे. घरात आलेले दहा पाहुणे दहा संगणकांवरून जोडले गेले, तरी फाईल प्रणालीच्या दृष्टीने ते सर्व एकच व्यक्ती ठरतात.

ही संकल्पना पुढील दोन गोष्टींपासून वेगळी आहे :

- विंडोजमधील ‘गेस्ट’ खाते – हे संगणकावरील अंगभूत खाते असून ते सामान्यतः बंद ठेवलेले असते. सांबा सर्व्हरवरील अतिथी प्रवेशासाठी ते सुरू करण्याची गरज नसते.
- राउटरवरील अतिथी वाय-फाय – यात पाहुण्यांची उपकरणे इंटरनेटला जोडली जातात, पण घरातील इतर उपकरणांपासून सहसा अलग ठेवली जातात. त्यामुळे अतिथी वाय-फायवर असलेल्या पाहुण्यास सर्व्हरवरील अतिथी फोल्डर बहुधा दिसतच नाही. हा बिघाड नसून त्या व्यवस्थेचा हेतूच तो आहे.

## इतिहास

सामायिक फोल्डरांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा एसएमबी हा प्रोटोकॉल १९८०च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाम यांनी विकसित केला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नेटवर्क-उत्पादनांत स्वीकारला. विंडोज ९५ व ९८ यांमध्ये पासवर्ड व्यक्तीला नव्हे, तर फोल्डरला देता येत असे. ज्याला पासवर्ड ठाऊक त्याला प्रवेश, आणि पासवर्ड ठेवलाच नाही तर सर्वांना प्रवेश, अशी ती पद्धत होती. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीत नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकास अतिथी म्हणूनच वागवले जाई.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस या प्रोटोकॉलचे युनिक्सवर चालणारे स्वतंत्र रूप लिहिण्यास सुरुवात केली. आधीचे ‘एसएमबी-सर्व्हर’ हे नाव व्यापारचिन्हाच्या हक्कामुळे सोडावे लागले. तेव्हा ‘एस’, ‘एम’ आणि ‘बी’ ही अक्षरे याच क्रमाने ज्यात येतात असे शब्द त्यांनी संगणकावरील शब्दसूचीत शोधले. त्यांतून ‘सांबा’ हे नाव निवडले गेले.

फोल्डरनिहाय पासवर्डाची जुनी पद्धत सांबामध्ये ‘सिक्युरिटी’ या निर्देशाला ‘शेअर’ हे मूल्य देऊन वापरता येत असे. २०१२ सालच्या सांबा ४.० आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून अतिथी प्रवेशासाठीही वापरकर्तानिहाय पद्धतच पायाभूत ठेवून अनोळखी व्यक्तीस अतिथी खात्याशी जोडावे लागते. जुन्या मार्गदर्शिकांतील सूचना आज चालत नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## कार्यपद्धती

संगणकाने फोल्डर उघडण्याची विनंती केल्यापासून फाईल हाती येईपर्यंत तीन स्वतंत्र टप्प्यांवर परवानगी तपासली जाते. तिन्ही टप्प्यांवर होकार मिळाला, तरच अतिथीस प्रवेश मिळतो.

सांबाच्या निर्देशांची नावे या लेखात देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष मांडणी-फाईलमध्ये ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

### पहिला टप्पा : सत्र

प्रथम संगणक सर्व्हरला वापरकर्त्याचे नाव व पासवर्डाचा पुरावा सादर करतो. विंडोज यासाठी बहुधा त्या संगणकावर सुरू असलेल्या खात्याचेच नाव आपणहून पाठवते. हे नाव सर्व्हरला अपरिचित असल्यास काय करावे, हे ‘मॅप टू गेस्ट’ हा निर्देश ठरवतो. त्याची मूल्ये अशी :

- नेव्हर – अपरिचित नाव किंवा चुकीचा पासवर्ड आल्यास नकार. सांबाचे मूळ मूल्य हेच आहे.
- बॅड यूझर – नाव अपरिचित असल्यास अतिथी म्हणून प्रवेश. नाव परिचित पण पासवर्ड चुकीचा असल्यास नकार. घरगुती वापरासाठी हेच मूल्य योग्य ठरते. डेबियन व उबुंटू यांच्यासोबत येणाऱ्या मांडणी-फाईलमध्येही ते लिहिलेले असते.
- बॅड पासवर्ड – चुकीचा पासवर्ड दिला तरी अतिथी म्हणून प्रवेश. यात पासवर्ड टंकताना चूक झालेल्या घरच्या माणसासही ती चूक कळत नाही. तो नकळत अतिथी बनतो आणि आपल्या फाईली का उघडत नाहीत, या कोड्यात पडतो.
- बॅड यूआयडी – हे मूल्य डोमेन-नियंत्रित नेटवर्कसाठी असून घरगुती सर्व्हरशी त्याचा संबंध येत नाही.

### दुसरा टप्पा : सामायिक फोल्डर

सत्र मिळाल्यानंतर संगणक विशिष्ट सामायिक फोल्डर मागतो. त्या फोल्डरच्या विभागात ‘गेस्ट ओके’ हा निर्देश होकारार्थी असावा लागतो. ‘पब्लिक’ हे त्याचेच दुसरे नाव आहे. ‘गेस्ट ओन्ली’ हा निर्देशही दिल्यास, खातेधारक आला तरी त्या फोल्डरपुरते त्याला अतिथीच मानले जाते. फोल्डर केवळ वाचण्यासाठी आहे की लिहिण्यासाठीही, हे ‘रीड ओन्ली’ या निर्देशावर अवलंबून असते. काही सांगितले नाही, तर सांबा केवळ वाचनाची मुभा देतो.

ओपनमीडियाव्हॉल्टसारख्या घरगुती सर्व्हर-प्रणालींत हेच निर्देश ‘अतिथींना परवानगी’ आणि ‘केवळ अतिथी’ अशा अर्थाच्या पर्यायांतून निवडता येतात.

### तिसरा टप्पा : फाईल प्रणाली

सांबाने होकार दिला, तरी अंतिम निर्णय लिनक्सच्या फाईल परवानग्यांचा असतो. दोहोंपैकी जो नियम अधिक कडक, तो लागू होतो. ‘नोबडी’ या खात्यास फोल्डरमध्ये शिरण्याची, वाचण्याची आणि गरज असल्यास लिहिण्याची परवानगी हवी. शिवाय मूळ निर्देशिकेपासून त्या फोल्डरपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक निर्देशिका ओलांडण्याची परवानगीही हवी.

ही शेवटची अट अनेकदा दुर्लक्षित राहते. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून वापरकर्त्याची गृहनिर्देशिका ७५० या परवानगीने तयार होते, म्हणजे ती इतरांसाठी बंद असते. अशा गृहनिर्देशिकेतील फोल्डर अतिथींसाठी खुला केला, तरी अतिथी वाटेतच अडतो. गृहनिर्देशिका सर्वांसाठी उघडणे हा यावरचा उपाय नव्हे. सामायिक फोल्डर गृहनिर्देशिकेबाहेर, सर्व्हरवरून पुरवायच्या सामग्रीसाठी राखलेल्या ‘एसआरव्ही’ या निर्देशिकेत ठेवणे अधिक योग्य होय. फेडोरासारख्या वितरणांत एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा कार्यरत असल्याने फोल्डरला सांबासाठीची खूणही द्यावी लागते.

## मांडणी

घरगुती सर्व्हरवर अतिथी प्रवेशाची मांडणी सर्वसाधारणपणे पुढील क्रमाने केली जाते :

1. अतिथींसाठी स्वतंत्र फोल्डर तयार केला जातो. वैयक्तिक फाईलींचा फोल्डर त्यासाठी वापरला जात नाही.
2. फोल्डरची मालकी व परवानगी ठरवली जाते. केवळ वाचनासाठी मालकी घरातील सांभाळकर्त्याकडे ठेवून ७५५ ही परवानगी पुरते. लिहिण्याची मुभा द्यायची असल्यास मालकी ‘नोबडी’कडे किंवा त्यासाठी केलेल्या वेगळ्या खात्याकडे दिली जाते.
3. सांबाच्या मांडणी-फाईलमधील ‘ग्लोबल’ विभागात ‘मॅप टू गेस्ट’ या निर्देशाला ‘बॅड यूझर’ हे मूल्य दिले जाते.
4. फोल्डरसाठी नवा विभाग लिहून त्यात फोल्डरचा मार्ग, ‘गेस्ट ओके’ आणि ‘रीड ओन्ली’ हे निर्देश दिले जातात.
5. ‘होस्ट्स अलाऊ’ या निर्देशाने प्रवेश घरातील नेटवर्कच्या पत्त्यांपुरता मर्यादित केला जातो, उदाहरणार्थ १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते.
6. ‘टेस्टपार्म’ या साधनाने मांडणी-फाईल तपासून सांबा सेवा पुन्हा सुरू केली जाते.
7. अग्निभिंतीमध्ये टीसीपी पोर्ट ४४५ घरातील नेटवर्कपुरते खुले केले जाते.

लिहिण्यास खुल्या फोल्डरमध्ये मालकीचा एक प्रश्न उद्भवतो. घरातील सदस्य आपल्या खात्याने फाईल ठेवतो, तेव्हा ती त्याच्या मालकीची होते आणि अतिथीस ती बदलता येत नाही. ‘फोर्स यूझर’ या निर्देशाने त्या फोल्डरमधील सर्व कामे एकाच खात्याच्या नावे करवून घेता येतात व हा प्रश्न सुटतो. मात्र त्या निर्देशात सर्व्हरच्या प्रशासकाचे खाते देणे अत्यंत धोक्याचे असते, कारण तसे केल्यास प्रत्येक पाहुणा त्या फोल्डरपुरता प्रशासक ठरतो.

फाईलींची नावे देवनागरीत असण्यास अडचण येत नाही. २००३ सालच्या ३.० आवृत्तीपासून सांबा युनिकोडचा वापर करतो.

## अडचणींचे निदान

प्रवेश मिळत नसल्यास तो कोणत्या टप्प्यावर अडला, हे लक्षणांवरून ओळखता येते.

- फोल्डरांची यादी दिसण्यापूर्वीच पासवर्ड मागितला जातो – अडचण बहुधा पहिल्या टप्प्यावर असते. पाहुण्याच्या संगणकावरील खात्याचे नाव सर्व्हरवरील एखाद्या खात्याशी योगायोगाने जुळत असल्यास ‘बॅड यूझर’ हे मूल्य असूनही नकार मिळतो. नाव परिचित आणि पासवर्ड मात्र वेगळा, असे सर्व्हरला दिसते.
- यादी दिसते, पण विशिष्ट फोल्डर उघडत नाही – ‘गेस्ट ओके’ हा निर्देश राहिलेला असतो किंवा फोल्डरपर्यंतच्या वाटेवरील एखादी निर्देशिका बंद असते.
- फोल्डर उघडतो, पण फाईल ठेवता येत नाही – ‘रीड ओन्ली’ हा निर्देश किंवा फाईल प्रणालीची परवानगी आड येते.
- पत्ता टंकल्यावर फोल्डर उघडतो, पण नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसत नाही – हा परवानगीचा प्रश्न नाही. नेटवर्कवरील संगणकांची यादी करण्याची जुनी पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीशी निगडित होती आणि तिच्याबरोबर ती मागे पडली. विंडोजला सर्व्हर दिसावा म्हणून डब्ल्यूएसडीडी, तर मॅकसाठी अवाही ही आज्ञावली सर्व्हरवर चालवली जाते.
- अतिथी म्हणून प्रवेश मिळाल्यावर त्याच संगणकावरून खासगी फोल्डर उघडत नाही – विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या ओळखींनी जोडणी करू देत नाही व त्रुटी क्रमांक १२१९ दाखवते. आधीची जोडणी तोडून नव्याने जोडणे हा यावरचा उपाय आहे.

‘एसएमबीक्लायंट’ या साधनाने सर्व्हरवरूनच पासवर्डाविना जोडणी करून पाहिल्यास दोष सर्व्हरचा की समोरच्या संगणकाचा, हे लगेच ठरवता येते. कोण कोणत्या खात्याच्या नावे जोडलेले आहे, हे ‘एसएमबीस्टेटस’ दाखवते.

## विंडोजमधील निर्बंध

ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एंटरप्राइझ व एज्युकेशन या प्रकारांत दूरच्या सर्व्हरवर अतिथी म्हणून प्रवेश करणे मूलतः बंद करण्यात आले. संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार अप्रमाणित अतिथी प्रवेश रोखला आहे, अशा आशयाचा संदेश वापरकर्त्यास दिसतो. घरगुती संगणकावरही तो ‘संस्थे’चा उल्लेख करीत असल्याने गोंधळात टाकणारा ठरतो. पुढे हा निर्बंध प्रो प्रकारासही लागू झाला. २०२४ सालच्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो, एंटरप्राइझ व एज्युकेशन या प्रकारांसाठी एसएमबी संदेशांवरील स्वाक्षरी मूलतः अनिवार्य करण्यात आली.

यामागील कारण तांत्रिक आहे. एसएमबी सत्रातील स्वाक्षरी व कूटबद्धीकरण यांसाठी लागणारी किल्ली पासवर्डावर आधारित प्रमाणीकरणातून निर्माण होते. अतिथी सत्रात पासवर्ड नसल्याने अशी किल्लीच तयार होत नाही. परिणामी आपण ज्याच्याशी जोडले गेलो तो घरातलाच सर्व्हर आहे, की त्याचे सोंग घेतलेले दुसरे यंत्र, हे संगणकाला पडताळता येत नाही. म्हणजे अतिथी प्रवेशात धोका केवळ यजमानाला नसतो, तो पाहुण्याच्या संगणकालाही असतो.

विंडोजच्या धोरण-मांडणीत ‘असुरक्षित अतिथी प्रवेश’ पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आहे. तथापि २४एच२ आवृत्तीत त्यासाठी स्वाक्षरीची सक्तीही काढावी लागते. ही दोन्ही शिथिलीकरणे केवळ घरच्या सर्व्हरपुरती मर्यादित राहत नाहीत. तो लॅपटॉप महाविद्यालयात, कार्यालयात किंवा उपाहारगृहातील वाय-फायवर नेला, तरी ती लागूच असतात.

## सुरक्षितता

मे २०१७ मध्ये एसएमबीशी संबंधित दोन घटना घडल्या. १२ मे रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा वापर केला. त्याचा अतिथी प्रवेशाशी थेट संबंध नव्हता, परंतु जुना प्रोटोकॉल चालू ठेवण्याचा धोका त्यातून स्पष्ट झाला. सांबानेही २०१९ सालच्या ४.११ आवृत्तीत एसएमबीची पहिली आवृत्ती मूलतः बंद केली. जुने दूरदर्शन संच किंवा मुद्रक चालावेत म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, पण तो सुरक्षित मानला जात नाही.

दुसरी घटना अतिथी प्रवेशाशी थेट निगडित होती. २४ मे रोजी सांबा प्रकल्पाने सीव्हीई-२०१७-७४९४ या दोषाची सूचना प्रसिद्ध केली. ३.५.० पासूनच्या सर्व आवृत्त्यांत असलेल्या या दोषामुळे, लिहिण्याची परवानगी असलेल्या फोल्डरमध्ये घातक फाईल ठेवून ती सर्व्हरकडूनच कार्यान्वित करवून घेता येत असे. म्हणजे हल्ल्यासाठी लेखनाचा अधिकार आवश्यक होता. पासवर्डने सुरक्षित सर्व्हरवर तो मिळवण्यासाठी आधी खाते हस्तगत करावे लागे. अतिथींना लिहिण्याची मुभा देणाऱ्या सर्व्हरवर मात्र तो कोणालाही आयताच मिळत होता. ४.६.४, ४.५.१० व ४.४.१४ या आवृत्त्यांत हा दोष दूर करण्यात आला. जी साठवण यंत्रे अद्ययावत केली जात नाहीत, त्यांवर असे जुने दोष कायम राहतात.

कोणताही दोष नसतानाही लिहिण्यास खुला फोल्डर असुरक्षित असतो. पाहुण्याच्या संगणकात खंडणीखोर आज्ञावली शिरलेली असल्यास ती जोडलेल्या सामायिक फोल्डरमधील फाईलीही कूटबद्ध करू शकते. अशा वेळी सर्व्हरच्या नोंदीत ‘नोबडी’ हेच नाव सापडते. फार तर ज्या पत्त्यावरून जोडणी झाली तो कळतो. म्हणून पुढील दक्षता घेतल्या जातात :

- अतिथी फोल्डर शक्यतो केवळ वाचनासाठी ठेवणे. पाहुण्यांकडून फाईली घ्यायच्या असल्यास त्यासाठी वेगळा, रिकामा फोल्डर देणे.
- कौटुंबिक छायाचित्रांची एकमेव प्रत अतिथी फोल्डरमध्ये न ठेवणे आणि सर्व्हरशी कायम जोडलेली नसलेली एक प्रत जपणे.
- सांबाच्या ‘रिसायकल’ या जोडणीचा वापर करणे. तिच्यामुळे पुसलेल्या फाईली नष्ट न होता वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. मात्र कूटबद्ध केलेल्या किंवा मजकूर बदललेल्या फाईलींपासून ती संरक्षण देत नाही.
- पोर्ट ४४५ इंटरनेटच्या दिशेने कधीही खुले न करणे. घराबाहेरून प्रवेश हवा असल्यास व्हीपीएनचा वापर करणे.
- ‘ब्राउजेबल’ हा निर्देश नकारार्थी ठेवून फोल्डर यादीतून लपवणे हे संरक्षण न मानणे. नाव ठाऊक असलेल्यास तो तरीही उघडता येतो.

## पर्याय

अतिथी प्रवेशाला सर्वांत सोपा पर्याय म्हणजे पाहुण्यांसाठी एकच सामायिक खाते उघडून त्याला साधा पण खरा पासवर्ड देणे होय. हा पासवर्ड घरात सर्वांना ठाऊक असला, तरी त्यामुळे स्वाक्षरीची किल्ली तयार होते, नव्या विंडोजवरील निर्बंध आड येत नाहीत आणि पाहुण्याच्या संगणकाची सुरक्षा शिथिल करावी लागत नाही. पासवर्ड एकदा लक्षात ठेवण्यास सांगितल्यावर तो पुन्हा टंकण्याचीही गरज उरत नाही. यात व्यक्तीची ओळख पटत नसली, तरी घराबाहेरील अनोळखी यंत्र वगळले जाते.

केवळ चित्रपट व संगीत दाखवायचे असल्यास डीएलएनए पद्धतीचा किंवा जेलीफिनसारखा माध्यम-सर्व्हर पुरेसा होतो. त्यात पाहणाऱ्याला मूळ फाईलींवर लिहिण्याचा अधिकार देण्याचा प्रश्नच येत नाही. एखादीच फाईल द्यायची असल्यास नेक्स्टक्लाउडसारख्या आज्ञावलीतून ठरावीक मुदतीचा दुवा देता येतो. मुदत संपताच तो दुवा निरुपयोगी होतो. अतिथी फोल्डर मात्र यजमानाने आठवणीने बंद करेपर्यंत खुलाच राहतो.